मॉलिक्युलर बायोलॉजी घेऊ की बायोफिजिक्स?

पत्र : मी नागपुरात मानेवाड्याला राहते. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र आणि बायोटेक्नॉलॉजी. बारावीला गणित होतं, मार्कही चांगले होते, पण नंतर हात लावलेला नाही. माझ्या आतेभावाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्याच्यामुळे रेणूंच्या पातळीवर नेमकं काय होतं ते वाचायची सवय लागली. एम.एस्सी. मॉलिक्युलर बायोलॉजीत करू की बायोफिजिक्समध्ये, हे ठरत नाही. बाबा विचारतात, यात संशोधनाला स्कोप किती? मामा म्हणतात, बायोटेकमध्ये काही ठेवलेलं नाही, बी.एड. करून मोकळी हो. आईचं म्हणणं, काय करायचं ते नागपुरातच कर. ता.क. : घरात ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. तेवढा पुरेल का?

उत्तर : आतेभावाच्या आजारापासूनच सुरुवात करू. हे दोन विषय कुठे वेगळे होतात आणि कुठे एकमेकांत मिसळतात, हे दाखवायला सिकलसेलपेक्षा चांगलं उदाहरण नाही. शिवाय विदर्भात या आजाराची ओळख करून द्यावी लागत नाही.

बीटा ग्लोबिन ही हिमोग्लोबिनमधली एक प्रथिन-साखळी. तिच्या जनुकात सहाव्या जागी डीएनएची जीएजी ही तीन अक्षरं हवीत, तिथे जीटीजी येतं. एक अक्षर बदललं की ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन बसतं. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी विद्युतक्षेत्रात हिमोग्लोबिन पळवून दाखवलं, की रुग्णाच्या रेणूवरचा विद्युतभारच वेगळा आहे. नेमकं कोणतं अमिनो आम्ल बदललं ते १९५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रमने दाखवलं. इथपर्यंतची गोष्ट मॉलिक्युलर बायोलॉजीची : कोणतं जनुक, कोणतं अक्षर, कसं ओळखायचं, कसं दुरुस्त करायचं.

पण एका अमिनो आम्लाने पेशी विळ्यासारखी का वाकते? हा प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे. ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनचं ते व्हॅलीन पाण्यापासून दूर पळतं आणि शेजारच्या रेणूवरच्या फिनाइलअलानिन ८५ आणि ल्युसीन ८८ यांच्या खाचेत जाऊन बसतं. असे रेणू एकाला एक लागत जातात आणि चौदा पदरांचा ताठ दोर तयार होतो. गंमत म्हणजे दोर लगेच सुरू होत नाही, आधी काही काळ काहीच घडत नाही. हा थांबण्याचा काळ हिमोग्लोबिनच्या संहतीच्या (पेशीत ते किती दाट आहे त्याच्या) साधारण तिसाव्या घातावर उलट्या प्रमाणात ठरतो. हे वाक्य नुसतं वाचू नकोस, कॅल्क्युलेटर घे. संहती दहा टक्क्यांनी उतरली तर ०.९ चा तिसावा घात ०.०४ च्या आसपास येतो, म्हणजे थांबण्याचा काळ वीसपटीहून जास्त वाढतो. तेवढ्या उसंतीत लाल पेशी केशवाहिनीतून निसटून फुफ्फुसाकडे पोहोचू शकते. नागपूरच्या मे महिन्यात अंगातलं पाणी कमी झालं की वेदनेचा झटका का येतो, डॉक्टर भरपूर पाणी प्यायला का सांगतात, हायड्रॉक्सियुरिया गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवून कसं उपयोगी पडतं, या सगळ्याची किल्ली त्या घातांकात आहे.

बाबांचा ‘स्कोप’ही याच आजारावर तपासता येतो. क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्रावर आधारलेल्या कॅसजेव्ही या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिली. तो बिघडलेलं अक्षर दुरुस्त करत नाही. बीसीएल११ए या जनुकाचा रक्तपेशींमधला नियंत्रक तुकडा तोडतो, त्यामुळे गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर. याउलट व्हॉक्सेलोटर हे औषध बायोफिजिक्सच्या विचारातून आलं : हिमोग्लोबिनला ऑक्सिजन घट्ट धरून ठेवायला लावायचं, म्हणजे दोर बनणारच नाही. २०१९ मध्ये मान्यता मिळाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं, कारण फायद्यापेक्षा धोका जास्त दिसू लागला. रेणूच्या पातळीवर बरोबर असलेलं उत्तर रुग्णाच्या पातळीवर पुरेसं ठरलं नाही. स्वस्त उपचार, गावात होणारी खात्रीची तपासणी, झटका कधी येईल याचा अंदाज, हे सगळं अजून करायचं बाकी आहे. देशाने १ जुलै २०२३ ला सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेचं लक्ष्य २०४७ आहे. तुझी सगळी कारकीर्द त्या मुदतीत मावते.

आता निवड. पदवीच्या नावावरून ती करू नकोस. रोज दहा तास हाताने आणि डोक्याने काय करावं लागेल, ते बघून कर. त्यासाठी दोन घरगुती चाचण्या देतो. दोन्हींना मिळून महिना लागेल.

पहिली चाचणी मॉलिक्युलर बायोलॉजीची. सिकलसेल ओळखणारी एआरएमएस-पीसीआर ही पद्धत कागदावर पूर्ण मांड. पीसीआर म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं, आणि प्रायमर म्हणजे जिथून प्रत सुरू होते तो छोटा तुकडा. तत्त्व सोपं आहे : प्रायमरचं ३-प्राइम टोक बदललेल्या अक्षरावरच आणायचं. टोक जुळलं तर टॅक पॉलिमरेज हे प्रत काढणारं एन्झाइम पुढे सरकतं, नाही जुळलं तर अडतं. प्रत्येक नमुन्याला दोन नळ्या, एकीत निरोगी जनुकाचा प्रायमर, दुसरीत सिकलचा. दोन्हींत पट्टी (जेलवर दिसणारी डीएनएची रेघ) आली तर वाहक, म्हणजे जनुकाची एक प्रत निरोगी आणि एक सिकलची. शिवाय प्रत्येक नळीत दुसऱ्याच एखाद्या जनुकाची पट्टी देणारी प्रायमरची जोडी ठेवायची, म्हणजे अभिक्रिया मुळात चालली की नाही ते कळतं. २५ मायक्रोलिटरची अभिक्रिया, ९५ अंशाला ३० सेकंद, साधारण ६० अंशाला ३० सेकंद, ७२ अंशाला ३० सेकंद, अशी ३० ते ३५ चक्रं.

खरा विषय पुढे आहे. हे बिघडतं कुठे? रक्त हिरव्या झाकणाच्या नळीत घेतलं असेल तर त्यातलं हेपॅरिन पॉलिमरेजला रोखतं. जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी योग्य, पण डीएनए नीट धुतला नाही तर मागे राहिलेलं ईडीटीए पॉलिमरेजला लागणारं मॅग्नेशियम पकडून ठेवतं आणि पट्टी येत नाही. डीएनए लालसर दिसला तर हीम शिल्लक आहे, तेही अडथळाच. प्रायमर चिकटण्याचं तापमान (ते ६० अंशांचं) चार-पाच अंश खाली ठेवलं तर न जुळणारं टोकही चिकटतं आणि निरोगी माणूस वाहक ठरतो. नुसतं पाणी घातलेल्या नळीत पट्टी दिसली तर त्या दिवसाचे सगळे निकाल फेकायचे, कितीही जिवावर आलं तरी. एक चूक हुशार विद्यार्थी हमखास करतात : ‘जास्त अचूक’ म्हणून प्रूफरीडिंग करणारं पॉलिमरेज वापरतात. ते न जुळणारं टोक कुरतडून दुरुस्त करतं आणि पुढे जातं, म्हणजे चाचणीचा पायाच उखडतो. टॅकला प्रूफरीडिंग येत नाही, हाच इथे त्याचा गुण.

दुसरी पद्धतही शोधून काढ. डीडीई-१ हे एन्झाइम डीएनएमधला सीटीएनएजी हा क्रम कापतं, यातला एन म्हणजे कोणतंही अक्षर. निरोगी जनुकात सहाव्या जागेपाशी सीटीजीएजी सापडतं, सिकलमध्ये ते सीटीजीटीजी होतं आणि कापण्याची जागा जाते. एनसीबीआय या जनुकक्रमांच्या मोफत साठ्याच्या संकेतस्थळावरून एचबीबी (म्हणजे बीटा ग्लोबिनच्या) जनुकाचा क्रम उतरवून घे, जागा हाताने शोध, तुकडे किती लांबीचे पडतील ते लिही. हे करताना वेळ कसा गेला ते कळलं नाही आणि ‘इथे अजून काय चुकू शकतं?’ हा प्रश्न तुला आपोआप पडत गेला, तर तू प्रयोगशाळेतल्या ओट्याची माणूस आहेस.

दुसरी चाचणी बायोफिजिक्सची, तीही दोन भागांत. चायमेराएक्स हा रेणूंच्या रचना दाखवणारा, शैक्षणिक वापरासाठी मोफत मिळणारा प्रोग्रॅम घे आणि प्रोटीन डेटा बँकेतली २एचबीएस ही रचना उघड. ऑक्सिजन सोडलेल्या सिकल हिमोग्लोबिनचा हा स्फटिक आहे, २.०५ अँगस्ट्रॉमपर्यंत स्पष्ट. बीटा साखळ्यांमधलं सहावं व्हॅलीन निवड आणि त्याच्या ५ अँगस्ट्रॉमच्या आत शेजारच्या रेणूचं काय येतं ते बघ. सगळ्या बीटा साखळ्यांचं व्हॅलीन खाचेत बसलेलं नसेल. का नसेल, याचा विचार कर. खाच दिसलीच नाही तर स्फटिकातले शेजारी रेणूही उभे करून बघ. मग ४एचएचबी हे निरोगी, ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन शेजारी ठेव.

दुसरा भाग वही-पेनाचा. पाण्यात एखाद्या प्रथिनाचा विसरण गुणांक (ते आपोआप किती वेगाने पसरतं त्याचं माप) १०० चौरस मायक्रॉन प्रति सेकंद धर. १० मायक्रॉनची पेशी ओलांडायला किती वेळ लागेल? अंतराचा वर्ग भागिले सहापट गुणांक, म्हणजे सुमारे ०.१७ सेकंद. आता कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणाऱ्या चेतातंतूचा विचार कर, लांबी एक मीटर. एकाच दिशेतलं विसरण, म्हणून भागिले दुप्पट गुणांक. उत्तर येतं ५ अब्ज सेकंद, म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं. म्हणून पेशीला मालवाहू मोटार लागते. कायनेसिन हे प्रथिन ८ नॅनोमीटरची एकेक ढांग टाकत सेकंदाला सुमारे एक मायक्रॉन चालतं आणि तेच अंतर बारा दिवसांत कापतं. हे गणित मांडताना मजा आली, ‘गुणांक अर्धा केला तर?’ असं तुझं तूच करून बघितलंस, तर गणित सुटून तीन वर्षं झाली याची काळजी नको. आकडेमोड आली की घसा कोरडा पडत असेल तर बायोफिजिक्स नावाला भुलू नकोस. त्या विषयात हे रोजचं आहे, आणि पुढे थर्मोडायनॅमिक्स, फूरिये रूपांतर आणि प्रोग्रॅमिंगही येतं.

दोन्हींत रस वाटला तर आमचं मत स्पष्ट आहे : बायोफिजिक्सकडे झुक. गणित आणि भौतिकशास्त्र उशिरा शिकणं महागात पडतं, जीवशास्त्र उशिरा शिकता येतं. वेंकी रामकृष्णन बडोद्यात भौतिकशास्त्राचे पदवीधर झाले, १९७६ मध्ये अमेरिकेत भौतिकशास्त्रातच पीएच.डी. केली, मग जीवशास्त्र शिकायला पुन्हा विद्यार्थी म्हणून बसले, आणि २००९ मध्ये रायबोसोमच्या रचनेसाठी नोबेल मिळालं. उलट दिशेने एवढी लांब उडी मारलेली माणसं फार कमी दिसतात. आपल्या देशात या विषयाची परंपराही दांडगी आहे : जी. एन. रामचंद्रन यांनी मद्रासमध्ये गोपीनाथ कार्था यांच्यासोबत १९५४ मध्ये कोलॅजेन या प्रथिनाची तिहेरी दोरी मांडली, १९६३ मध्ये प्रथिनाची साखळी कुठे कशी वळू शकते ते दाखवणारा रामचंद्रन आलेख आला, आणि नंतर बेंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेत मॉलिक्युलर बायोफिजिक्स युनिट उभं राहिलं. संशोधन-फेलोशिपसाठीच्या नेट परीक्षेच्या लाइफ सायन्सेस पेपरात पहिल्याच घटकात तो आलेख आहे. पाठ करून गुण मिळतात, पण ग्लायसीन हे अमिनो आम्ल त्या आलेखात इतरांपेक्षा मोकळं का फिरतं हे कळलं तर विषय मिळतो.

‘आता अल्फाफोल्ड हा संगणक-प्रोग्रॅम प्रथिनांच्या सगळ्या रचना सांगतो, मग बायोफिजिक्सचं काय उरलं?’ असं कुणीतरी तुला सांगेलच. २०२४ चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल त्याच कामाला, प्रथिनांच्या रचनेच्या अंदाजाला मिळालं हे खरं. पण अल्फाफोल्ड स्थिर चित्र देतं. तो थांबण्याचा काळ, तो तिसावा घात, ते त्यातून निघत नाही. रचनेचा अंदाज फुकट झाल्यामुळे ‘ती हलते कशी, किती वेळात, किती बलाने’ हे प्रश्न उलट पुढे आले.

मामांच्या बोलण्यात तथ्य आहे, ते झटकून टाकू नकोस. नुसतं बी.एस्सी. बायोटेक किंवा प्रकल्पाविना केलेलं एम.एस्सी. हातात घेऊन बाजारात उतरलं तर बहुधा सेल्स किंवा पॅथॉलॉजी लॅबमधली कमी पगाराची नोकरी मिळते. फरक पडतो तो हातातल्या कौशल्याने. हैदराबाद, बेंगळुरू, अहमदाबाद, पुण्याच्या कंपन्या बायोसिमिलर, म्हणजे आधीच्या प्रथिन-औषधांसारखी औषधं बनवतात आणि आपलं प्रथिन मूळ औषधासारखंच आहे हे त्यांना सिद्ध करावं लागतं : घडी तीच आहे का, गुठळ्या होतात का, किती अंशाला उलगडतं, पेशीवरच्या ग्राहीला (रिसेप्टरला) किती घट्ट चिकटतं. सर्क्युलर डायक्रोइझम, डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग, मास स्पेक्ट्रोमेट्री, सरफेस प्लाझमॉन रेझोनन्स ही यंत्रं चालवणारी आणि त्यांचा आलेख वाचता येणारी माणसं तिथे लागतात. बायोफिजिक्सवाल्यांच्या नोकऱ्या अशा जागी ‘अॅनालिटिकल’ या पाटीखाली लपलेल्या असतात, त्यामुळे ‘बायोफिजिसिस्ट पाहिजे’ अशी जाहिरात शोधत बसलीस तर हाती काही लागणार नाही.

आईसाठी : नागपूर रिकामं नाही. वर्धा रोडला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीला दाद देणं का सोडलं, याचं एक उत्तर अळीच्या आतड्यातल्या कॅडेरिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात सापडतं. बीटीच्या विषाला चिकटायची जागाच बदलली की आतड्याच्या पेशीच्या पडद्याला भोक पडत नाही. म्हणजे इथेही एक टोक जनुकाचं, दुसरं पडद्याच्या भौतिकीचं. अमरावती रोडला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, जिथे संत्र्याच्या ग्रीनिंग रोगाचा जिवाणू पीसीआरने शोधण्यासारखी कामं असतात. नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने कोरोनाकाळात मिठाच्या पाण्याने गुळणी करून नमुना घेण्याची आरटी-पीसीआरची पद्धत काढली, तीही इथलीच. मिहानला एम्स आहे. विद्यापीठाच्या विभागांत बायोकेमिस्ट्री आणि बायोटेक्नॉलॉजीचं एम.एस्सी. आहे. मॉलिक्युलर बायोलॉजी निवडलीस तर एम.एस्सी. नागपुरात करून शेवटच्या सत्राचा प्रकल्प यांपैकी एका संस्थेत करणं हा चांगला, स्वस्त मार्ग आहे. प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन तीनच गोष्टी विचार : प्रकल्प किती महिन्यांचा, तो बाहेर करू देतात का, आणि गेल्या दोन बॅचची मुलं आत्ता कुठे आहेत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सरांपेक्षा सिनिअरकडून घे.

बायोफिजिक्स म्हणून वेगळं एम.एस्सी. हवं असेल तर घर सोडायची तयारी ठेव : मुंबई विद्यापीठ, दिल्लीचं एम्स, चंदीगडचं पंजाब विद्यापीठ. दुसरी वाट एकात्मिक पीएच.डी.ची : आयआयएससी आणि आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांपैकी काही, त्यासाठी जॅम ही प्रवेशपरीक्षा. जॅमच्या बायोटेक्नॉलॉजी पेपरात बारावीच्या पातळीचं गणित आणि भौतिकशास्त्र येतं, म्हणून जुनी पुस्तकं रद्दीत दिली नसशील तर काढ. मुंबईची टीआयएफआर आणि बेंगळुरूची एनसीबीएस या संशोधन संस्थांकरिता जेजीईईबीआयएलएस ही परीक्षा. तुमची पदवी चार वर्षांची असेल आणि ७५ टक्के असतील तर पीएच.डी.ला थेट अर्जही चालतो, पण प्रयोगाचा अनुभव नसेल तर ती घाई करू नये असं आम्हाला वाटतं. तिन्ही विज्ञान अकादम्यांची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप असते. अर्ज हिवाळ्यातच भरायचा असतो आणि मुलं नेमकी एप्रिलमध्ये विचारायला येतात.

सीएसआयआर-नेटबद्दल एवढंच : २०० पैकी १०० गुण क भागाचे, ७५ प्रश्नांतले कोणतेही २५, प्रत्येकी ४ गुण, चुकीला एक गुण वजा. सगळा अभ्यासक्रम वरवर वाचणारे इथे पडतात. पाच-सहा घटक खोलवर कर, प्रयोगपद्धतींचा तेरावा घटक त्यात हवाच. जेआरएफ ही संशोधन-फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. बाबांना हा आकडा सांग. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं लागतात आणि फेलोशिप काही वेळा महिनोन्‌महिने रखडते, तेव्हा तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायचा, हेही त्यांना आत्ताच सांग.

पत्रात न विचारलेली एक गोष्ट. आतेभावाला सिकलसेल आहे म्हणजे आत्या वाहक असण्याची शक्यता खूप मोठी, आणि मग तुझे बाबा आणि तूही वाहक असू शकतेस. तपासणी करून घे. सरकारी दवाखान्यात आधी सोल्युबिलिटी चाचणी होते. ती ‘सिकल हिमोग्लोबिन आहे’ एवढंच सांगते. वाहक की रुग्ण, ते सांगत नाही. म्हणून पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासणीचा कागद हातात घेतल्याशिवाय परत येऊ नकोस. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे, हे घरी आधीच समजावून ठेव.

आणि लॅपटॉप : ८ जीबी चायमेराएक्सला, पायथन शिकायला आणि क्रमांची जुळवाजुळव करायला पुरतं. ग्रोमॅक्स या रेणूंची हालचाल मांडणाऱ्या प्रोग्रॅमवर छोट्या पेप्टाइडचं सिम्युलेशनही चालेल, रात्रभर ठेव. २एचबीएसमधल्या दोन अख्ख्या हिमोग्लोबिनचं मात्र त्यावर करू नकोस, पाण्यासकट लाखाहून जास्त अणू होतात. ते कोणत्या तरी संस्थेच्या मशीनवर, प्रकल्पात. उन्हाळ्यात लॅपटॉप कूलरच्या झोतासमोर ठेवायची नागपुरी सवयही सोड, ओलसर हवेने बोर्डावर गंज चढतो.